हँडीकॅमची निवड आणि अस्सलबरहुकूम नक्कल

मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी २१ गिनी मोजून लंडनहून चलच्चित्रणाचे यंत्र मागविले आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे त्या यंत्राने चित्रण केले, ही हकिकत भारतीय चित्रपटाच्या इतिहासात अगदी प्रारंभी येते. तिच्यातील जो भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो, तोच माझ्या आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे: यंत्र मुंबईत होते, मल्ल मुंबईत होते, ज्यांना ते चित्र पाहावयाचे होते ते प्रेक्षकही मुंबईतच होते, तरीही ती फीत धुवून आणण्यासाठी लंडनला धाडावी लागली. दृश्य टिपले जाणे ही एक क्रिया आणि ते यंत्राच्या पोटातून सुटून आपल्या हाती येणे ही दुसरी. पहिली घडली म्हणजे दुसरी आपोआप घडते असे आपण धरून चालतो, आणि घरगुती चित्रणाचे जे नुकसान होते त्यातले बहुतेक या एका समजुतीपोटी होते.

तळहातावर तोलता येणारा अंकीय कॅमकॉर्डर, ज्याला सोनी कंपनीने १९८५ साली रूढ केलेल्या नावावरून आपल्याकडे सरसकट हँडीकॅमच म्हणतात, तो घेण्यासाठी मनुष्य दुकानात जातो तेव्हा झूम किती, वजन किती आणि किंमत किती हे तीन प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारून होतात. परंतु या यंत्रात चित्रण कोणत्या स्वरूपात साठते, ते कोणत्या वायरीने बाहेर येते आणि ती वायर लावण्यास जागा असलेला संगणक वीस वर्षांनी कोठे मिळेल, हा प्रश्न घरातले कार्य आटोपून, पाहुणे परतून, कॅसेटी भरून झाल्यावर सुचतो. माझे म्हणणे असे की, निवडीचा आरंभ या शेवटच्या प्रश्नापासून करावा.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. २००४ च्या मे महिन्यात देवगड तालुक्यातील आमच्या घरी आत्याने पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हटल्या, त्या मी दोन कॅसेटींवर उतरवून घेतल्या. पडवीत एकच दिवा होता आणि जात्याच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज नव्हता. पहिली कॅसेट मी शहरातल्या एका दुकानात डीव्हीडी करण्यासाठी दिली. तेथे ती आणि माझीच आणखी एक कॅसेट, असे दोन तासांचे चित्रण एका तबकडीत बसविण्यात आले, आणि मूळ कॅसेटी काम झाले म्हणून परत आल्या नाहीत; त्या मागून घ्याव्यात असे मलाही वाटले नाही, कारण तबकडी हाती आली म्हणजे कॅसेटीचे प्रयोजन संपले अशीच माझीही खात्री होती. दुसरी कॅसेट यंत्राच्या पिशवीच्या कप्प्यात राहून गेली. ती गेल्या वर्षी, आत्या जाऊन बराच काळ लोटल्यानंतर, मी स्वतः संगणकावर उतरविली आणि दोन्ही चित्रणे एकापाठोपाठ एक पाहिली. तबकडीवरच्या चित्रात खुंटा धरून फिरणारा हात चौकटी-चौकटींनी फुटतो, मागची भिंत काळ्या ठोकळ्यांची होते. कॅसेटीवरून थेट उतरविलेल्या चित्रात मात्र पाळूखालून पडणारे पीठ दिसते, हातातल्या बांगड्या मोजता येतात, आणि चित्रासोबत नोंदली गेलेली वेळही वाचता येते: पहाटेचे ५ वाजून १२ मिनिटे. एकाच यंत्राने, एकाच पहाटे, एकाच उजेडात टिपलेल्या दोन चित्रणांत हे अंतर का पडावे, याचा उलगडा झाला की यंत्र कसे निवडावे आणि चित्रण कसे उतरवावे या दोन्ही प्रश्नांचा उलगडा पुष्कळसा होऊन जातो.

ज्या पद्धतीने ते चित्रण झाले ती डीव्ही पद्धत १९९५ साली बाजारात आली. तिच्या लहान कॅसेटीची, म्हणजे मिनीडीव्हीची, लांबी ६६ मिलिमीटर, रुंदी ४८ मिलिमीटर आणि जाडी सुमारे १२ मिलिमीटर. आतली फीत अवघी ६.३५ मिलिमीटर रुंद. या अरुंद फितीवर यंत्र काय करते ते पाहिले म्हणजे त्याच्या रचनाकारांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही. आत एक लहानसा ढोल मिनिटाला ९,००० फेरे घेत असतो, त्यावर दोन चुंबकीय शिरे बसविलेली असतात, आणि फीत त्या ढोलाला तिरपी वेढून सरकत असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोन तिरप्या रेघा तिच्यावर उमटतात. एका सेकंदात अशा ३०० रेघा होतात. आपल्या देशात चालणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे लागतात, तेव्हा एका चित्राच्या वाट्याला १२ रेघा येतात. प्रत्येक रेघेची रुंदी १० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा एक बारीक अंश. ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे प्रत्येक चित्र सुमारे पाचास एक या प्रमाणात आवळून, परंतु शेजारच्या चित्राचा आधार न घेता स्वतंत्रपणे साठविले जाते, आणि ध्वनी व तारीख-वेळेची नोंद धरून एका तासाच्या चित्रणाला सुमारे १३ गीगाबाइट जागा लागते.

आता तबकडीचा हिशेब पाहू. साध्या डीव्हीडीत ४.७ गीगाबाइट मावतात. तीत दोन तास बसविले म्हणजे तासाला २.३५ गीगाबाइट आले. १३ च्या जागी २.३५, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ही काटकसर साधण्यासाठी तेथे दर दहा-पंधरा चित्रांतून एकच चित्र पूर्ण ठेवतात आणि मधल्या चित्रांत केवळ काय बदलले तेवढे नोंदतात. स्थिर बसून, भरपूर उजेडात बोलणाऱ्या माणसाचे चित्र या रीतीने बऱ्यापैकी निभावते. परंतु अंधाऱ्या पडवीत, जेथे प्रकाशसंवेदकाच्या मर्यादेमुळे काळोखातही दाणेदार चळवळ चाललेली असते आणि हात अखंड फिरत असतो, तेथे प्रत्येक चित्र मागच्याहून सर्वस्वी भिन्न असते आणि एवढ्या तुटपुंज्या जागेत तो बदल मावत नाही. आत्याच्या हाताचे ठोकळे झाले ते यामुळे. पहाटेची वेळही त्याच कामात गळाली, कारण ती नोंद चित्रात नव्हे, चित्रालगतच्या वेगळ्या कप्प्यात होती, आणि तबकडी करताना तो कप्पा कोणी उघडला नाही.

आपल्या जुन्या दप्तरखान्यांत आणि कचेऱ्यांत कागदाची प्रत काढली की तिच्यावर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून ती मुळाशी रुजू घालण्याचा शिरस्ता होता. जुन्या व्हीएचएस कॅसेटीच्या बाबतीत हा शेरा मारणे शक्यच नव्हते. तिची प्रत म्हणजे उताऱ्यावरून उतारा, आणि प्रत्येक उताऱ्याबरोबर रंग फिके होत, कडा विरत. अंकीय चित्रणाने प्रथमच सामान्य गृहस्थाच्या हाती अशी वस्तू दिली की जिची प्रत मुळाशी आकड्यामागून आकडा जुळते. मात्र हा अधिकार आपोआप मिळत नाही; आकडे जसे आहेत तसे बाहेर काढण्याची वाट यंत्राला असली पाहिजे आणि आपण तीच वाट धरली पाहिजे. वाट चुकली की अंकीय कॅसेटीचीही पुन्हा उतरती प्रतच होते.

मिनीडीव्हीच्या बाबतीत ती वाट म्हणजे फायरवायर. एका जोडणीची तीन नावे असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो: संगणकावर तिला फायरवायर किंवा तांत्रिक परिभाषेत आयईईई १३९४ म्हणतात, सोनीच्या यंत्रांवर आय-लिंक लिहिलेले असते, आणि इतर बऱ्याच यंत्रांवर नुसते डीव्ही. कॅमेऱ्याच्या बाजूला चार पिनांची लहान खोबण असते, संगणकाच्या बाजूला बहुधा सहा पिनांची. याच यंत्रांवर शेजारी यूएसबीचीही खोबण आढळते आणि ती परिचयाची असल्यामुळे मनुष्य तिच्यातच वायर घालतो. परंतु बहुतेक मिनीडीव्ही यंत्रांत तिचा उपयोग कार्डावरची स्थिर छायाचित्रे उतरविण्यापुरता किंवा फार तर लहान आकाराचे हलके चित्र संगणकावर दाखविण्यापुरता असतो. फितीवरचे आकडे अखंड बाहेर येतात ते डीव्हीच्या खोबणीतून. तिसरी वाट पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या टोकांच्या वायरीची. ती दूरचित्रवाणी संचासाठी आहे, तीतून आकडे येत नाहीत, आकड्यांवरून पुन्हा तयार केलेला विद्युत्‌-संकेत येतो, आणि म्हणून अन्य उपाय उरला नसेल तेव्हाच तिचा आश्रय करावा.

येथे एक आडवळणाची पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट सांगतो. युरोपात विकल्या गेलेल्या अनेक कॅमकॉर्डरांत डीव्हीच्या खोबणीतून चित्रण बाहेर येते, पण आत जात नाही. यंत्राला ते येत नाही असे नव्हे. बाहेरून आलेले चित्रण मुद्रित करणारे यंत्र जकातीच्या नियमांप्रमाणे कॅमेरा न ठरता व्हिडिओ रेकॉर्डर ठरे आणि त्यावर अधिक जकात बसे, म्हणून कारखान्यातच ती वाट बंद करण्यात आली. स्थिर छायाचित्रांच्या कित्येक कॅमेऱ्यांत चलच्चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांवर आपोआप थांबे, त्याच्यामागेही तेथील जकातीचीच वर्गवारी होती. परदेशातून कोणी आणलेले जुने यंत्र घेताना ही चौकशी अवश्य करावी.

फितीनंतरची कहाणी वेगाने घडली. आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर थेट चित्रण करणारी यंत्रे आली, आणि माझ्या मते ती सर्वांत दुर्दैवी खरेदी होती, कारण अर्ध्या तासाच्या आवळलेल्या चित्रणापलीकडे त्या तबकडीत फारसे मावत नसे आणि यंत्रातच ‘फायनलाइज’ केल्याशिवाय ती बहुधा दुसरीकडे चालत नसे. मग यंत्रातच हार्डडिस्क आली, आणि २००६ साली सोनी व पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी पद्धत जाहीर केली, जी आजही कार्डावर चित्रण करणाऱ्या अनेक यंत्रांत आढळते. तिच्यात चित्र मोठे, १९२० गुणिले १०८० बिंदूंपर्यंत असते, आणि सेकंदाला २४ मेगाबिटांच्या दराने तासाला सुमारे ११ गीगाबाइट लागतात. फितीच्या वेळी एका तासाची कॅसेट उतरविण्यास एक तासच लागे, कारण ती प्रत्यक्ष चालवावी लागे. कार्डावरून तेवढेच चित्रण काही मिनिटांत उतरते.

ही सोय खरी, परंतु तिच्यात एक खाच आहे. ३२ गीगाबाइटपर्यंतच्या कार्डांवर ज्या रीतीने दप्तर मांडलेले असते त्या रीतीत एक फाइल ४ गीगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून दोन तासांचे सलग कीर्तन कार्डावर चार-सहा तुकड्यांत पडते, आणि ते तुकडे पुन्हा कसे सांधावयाचे याची याददाश्त त्याच कार्डावर दुसऱ्या लहान फाइलींत लिहिलेली असते. घाईत मनुष्य सर्वांत मोठ्या फाइली तेवढ्या ओढून घेतो आणि कार्ड कोरे करतो. मग सांध्या-सांध्यावर ध्वनी क्षणभर तुटतो, तारखा हरवतात, आणि बुवांचा अभंग नेमका समेवर अडखळतो. म्हणून कार्डावरची सर्वांत बाहेरची संपूर्ण घडी, म्हणजे फोल्डर, तिच्यातली एकही फाइल इकडची तिकडे न करता, जशीच्या तशी संगणकावर उतरवावी आणि निवडानिवड त्या प्रतीवर करावी.

आज नवे यंत्र घ्यावयाचे, तर खिशात भ्रमणध्वनी असताना वेगळा कॅमकॉर्डर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. वाढदिवसाच्या पाच मिनिटांसाठी तो घेऊ नये. पण सिंधुदुर्गातला दशावतार रात्रभर चालतो, कीर्तन दोन-दोन तास रंगते, वृद्ध माणसाची आठवण सांगण्याची लय मधे खंड पडला की पुन्हा लागत नाही. अशा कामाला न तापता, न थांबता, विजेच्या तारेवर तासन्‌तास चालणारे आणि रंगमंचापासून दूर बसूनही चेहरा जवळ आणणारे यंत्र लागते, आणि ते कॅमकॉर्डरच आहे. त्याची निवड करताना ऑप्टिकल झूमचाच आकडा पाहावा. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला शेकड्यांतला डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठे करणे होय. हात थरथरला तरी चित्र स्थिर राहण्याची तजवीज भिंगातल्या हलत्या काचेने केलेली असेल तर ती अधिक चांगली, कारण नुसत्या आकडेमोडीने केलेल्या स्थैर्यात चित्राच्या कडा खर्ची पडतात. संवेदक जेवढा मोठा तेवढे संध्याकाळचे चित्रण स्वच्छ. आणि ज्या गोष्टीकडे ग्राहक सहसा पाहतच नाही, ती बाहेरचा माइक जोडण्याची खोबण, तिच्याविना मी तरी यंत्र घेणार नाही: यंत्रातला माइक बोलणाऱ्या आजीपेक्षा पंख्याचा आणि चित्रण करणाऱ्याच्या बोटांचा आवाज अधिक आस्थेने टिपतो, आणि बिघडलेले चित्र माणूस सोसतो, न कळणारे बोलणे सोसत नाही.

४के चित्रणाचा मोह पडला तर त्याचाही जमाखर्च आधी मांडावा. सेकंदाला १०० मेगाबिटांच्या दराने तासाला ४५ गीगाबाइट होतात. कार्डावर यू३ किंवा व्ही३० ही खूण पाहिजे, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी असते. ज्याच्याकडे एवढ्याच्या दोन प्रती ठेवण्याची सोय नाही, त्याने साध्या एचडीत चित्रण करून ते नीट सांभाळणे अधिक शहाणपणाचे.

जुन्या कॅसेटींसाठी मात्र आता वेळ फार उरलेला नाही. फीत सर्द हवेत बुरशी धरते, आणि कोकणात चार महिने हवा सर्दच असते. त्याहून मोठी अडचण ही की, त्या वाजविणारी यंत्रेच बाजारातून गेली आहेत. नव्या संगणकांवर फायरवायरची खोबण सापडत नाही, आणि ज्या ॲपल कंपनीने हे तंत्र पुढे आणले तिनेही २०२५ च्या आपल्या मॅक प्रणालीतून त्याचा आधार काढून टाकला. म्हणून खोबण असलेला एखादा जुना संगणक, कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर, भंगारात जाण्यापूर्वी मागून घ्यावा. टेबलावरच्या संगणकात फायरवायरचे कार्ड बसविता येते, तोही मार्ग आहे. जुना कॅमेरा विकत घ्यावयाचा झाल्यास प्रथम बिनमहत्त्वाची कॅसेट घालून, वाजवून, बाहेर काढून पाहावी, कारण फीत गिळणारे यंत्र एका मिनिटात वीस वर्षांचा ठेवा संपविते. कॅसेट खालून भरण्याचे यंत्र असेल तर तिवईवरून उतरविल्याखेरीज ती बदलता येत नाही. उतरवून घेण्याच्या कामात त्याने अडत नाही, चित्रणाच्या वेळी मात्र अडते. बॅटरी निकामी झाली असेल तर चिंता नाही, पण विजेवर चालविण्याचा मूळ अडॅप्टर पाहिजेच.

प्रत्यक्ष काम असे करावे. कॅसेटीच्या पाठीवरचा लहान पडदा ‘सेव्ह’कडे सरकवावा, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे मुद्रण होणार नाही. कॅसेट वर्षानुवर्षे पडून असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा आरंभाला आणावी. दोन्ही यंत्रे बंद असतानाच वायर जोडावी. सहा पिनांच्या जोडणीतून वीजही वाहते आणि ती उलटी बसल्यास कॅमेऱ्याचे अंतरंग जळते. विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब, जुन्या मॅकवर आयमूव्ही असे कार्यक्रम हे काम करतात. त्यांपैकी कोणताही घेतला तरी चित्रण डीव्ही स्वरूपातच ठेवावे, वाटेत दुसऱ्या स्वरूपात आवळू देऊ नये. संगणकाच्या पडद्यावर हलत्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतील, त्या दोष नव्हेत. पाल पद्धतीत प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे विणलेले असते, त्याची ती खूण आहे, आणि अस्सल प्रतीत ती तशीच राहू द्यावी. चित्र मधेच फुटू लागले तर कोरडी साफसफाईची कॅसेट काही सेकंदच चालवावी. तरीही फुटत असेल तर ज्या यंत्राने मुद्रण केले तेच मिळते का ते पाहावे, विशेषतः ‘एलपी’ म्हणजे दीड तासाच्या लांबणीवर भरलेल्या कॅसेटींसाठी; त्यांच्या रेघा १० ऐवजी सुमारे ६.७ मायक्रोमीटर रुंद असतात आणि परक्या यंत्राला त्या पुष्कळदा वाचता येत नाहीत.

उतरून झाल्यावर फाइलीला वर्ष, महिना, दिवस आणि स्थळ या क्रमाने नाव द्यावे, दोन निराळ्या डिस्कांवर तिच्या प्रती कराव्यात, प्रती मुळाशी जुळतात याची संगणकाकडूनच रुजवात करून घ्यावी, आणि एक डिस्क दुसऱ्या गावी, मुलीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी. चाळीस कॅसेटींना ५२० गीगाबाइट लागतात. तळहाताएवढ्या एका हार्डडिस्कमध्ये त्या सर्व सहज मावतात. नातेवाइकांना पाहण्यासाठी हलकी प्रत हवी तितक्या वेळा काढता येईल. आणि कॅसेट, तिचे काम झाले असे कोणी कितीही सांगितले तरी, कोणाच्या हवाली करून विसरू नये.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कपाटातल्या कॅसेटी बाहेर काढा आणि ज्या कॅसेटीत आता नसलेल्या माणसाचा आवाज आहे, तिच्यापासून आरंभ करा.